चौथी रेघ

अण्णांना जबरदस्तीनं धरायचं की नाही, यावर रविवारी सकाळी स्वयंपाकघरात तिघांची बैठक बसली, तेव्हा अण्णा स्वतः पलीकडच्या खोलीत भिंतीला पाठ घासत उभे होते.

अंघोळीनंतरचं हे त्यांचं रोजचंच झालं होतं. गरम पाणी अंगावर पडलं की कातडीखाली मुंग्या सुटल्यासारखी खाज सुटायची. तीन आठवड्यांत चेहरा तापल्या तांब्यासारखा झाला होता आणि तळहात कुणी रंगवल्यासारखे लाल. रक्त जाड झालंय, डॉक्टर म्हणाले होते. शंभरातले बासष्ट भाग नुसत्या पेशी. गोळ्या लागू पडायला महिना-दीड महिना जाईल, तोवर रक्त काढून टाकणं हाच उपाय. आठवड्याला एक पिशवी. नाहीतर कुठेतरी गुठळी अडकायची.

अण्णांनी तिथल्या तिथे पायात चपला घातल्या होत्या. "रक्त काढायचं नाही," एवढंच बोलले आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरून चालू लागले.

मग गेल्या शुक्रवारी ती गुठळी येऊन गेली. अण्णा आपल्या मेजावर एका जुन्या मनगटी घड्याळाचा काटा बसवत होते. चिमटा खाली पडला, आणि तासभर डावा हात त्यांचा राहिलाच नाही. तासानं परत आला, पण डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "ही फक्त सूचना होती. पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही."

"म्हणून म्हणतो, आता विचारत बसायचं नाही," वकील म्हणाले. हे अण्णांचे थोरले चिरंजीव. घरातही ते पुढ्यात न्यायाधीश बसल्यासारखं बोलत. "चहातून झोपेची गोळी द्यायची. डोळा लागला की हा हात धरेल, सिस्टर सुई घालेल. वीस मिनिटांत काम होतं. जागे झाल्यावर काय शिव्या घालायच्या त्या मला घालू देत."

'हा' म्हणजे धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. तो टेबलाकडे बघत होता. बायकोकडे बघायचं टाळत होता, असं म्हटलं तरी चालेल.

"धरशील?" तिनं त्याला विचारलं.

"मरू द्यायचं का मग?"

तिला घरात सगळे सिस्टर म्हणत. ती नर्स नव्हती. ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती; बारा वर्षं अनोळखी माणसांच्या हातात सुई घालून पिशव्या भरत होती. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिनं दोनदा फरक समजावून सांगितला, मग नाद सोडला. फक्त अण्णा तिला सूनबाई म्हणत.

"डॉक्टरांनी घरी करायला परवानगी दिलीय, ती मी आहे म्हणून," सिस्टर म्हणाली. "आणि अण्णा हो म्हणाले तर. झोपवून नाही. दात्यानं मान हलवल्याशिवाय मी दंडाला पट्टासुद्धा बांधत नाही."

"हे रक्तदान नाहीये, सिस्टर. उपचार आहे."

"म्हणून तर जास्तच विचारायचं, दादा."

तेवढ्यात आत्या आत आल्या. अण्णांची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून फुटपट्टीसारखी. हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि फडकं सोडलं.

कथलाचं वाडगं. आरशासारखं घासलेलं, काठाला अर्धचंद्रासारखी खाच. कोपर तिथे टेकायचा. आतल्या बाजूला एकावर एक गोल रेघा.

"माझ्या बापाच्या हातून दोन हजार माणसं बरी झाली यात," आत्या म्हणाल्या. "पहिली रेघ तापाला, तेवढंच रक्त काढायचं. दुसरी डोकं चढलं तर. तिसरी वेडाच्या झटक्याला. याच्यापुढे ते कधी गेले नाहीत. शीर उघडावी तर त्यांनीच, लोक म्हणायचे, डास चावल्याएवढंही कळत नाही. आणि त्यांचा पोरगा रक्ताला घाबरतो! चारचौघांत सांगायची लाज वाटते मला."

सिस्टरला या घरात सून म्हणून पसंत केलं होतं ते आत्यांनीच. घराण्याची विद्या एक पिढी वाया गेली, पोरगा घड्याळं दुरुस्त करत बसला, ती सुनेच्या हातानं परत आली, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

सिस्टरनं वाडगं उचललं. जड होतं. रेघा तिनं सवयीनं मोजल्या. पहिल्या तिन्ही कातकामाच्या यंत्रावर घेतल्यासारख्या नेमक्या होत्या. त्यांच्या वर, काठापासून दोन बोटं खाली, अजून एक होती. वाकडी, हातानं ओरखडलेली, सुरुवात आणि शेवट न जुळलेली.

"ही कशाची, आत्या?"

"ती? ती नक्षी असेल," आत्या म्हणाल्या. "बनवणाऱ्यानं काढलेली."

सिस्टरनं रेघेवरून अंगठा फिरवला. बारा वर्षं मापं बघणाऱ्या माणसाला नक्षी आणि माप यातला फरक सांगावा लागत नाही.

"मी आधी एकटी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली. "अर्धा तास. तोवर चहात कुणी काही घालायचं नाही."

पुढची खोली मोठी होती. उंच खिडकी, खिडकीशी घड्याळाचं मेज. ही खोली पूर्वी अण्णांच्या वडिलांची. इथेच खुर्ची होती, लोक इथेच रांगेनं बसायचे. सिस्टर आत गेली आणि काहीतरी चुकतंय असं तिला वाटलं. काय, ते कळायला थोडा वेळ लागला. खोलीत टिकटिक नव्हती. भिंतीवरची, मेजावरची, खणातली, सगळी घड्याळं बंद होती.

"मीच थांबवली," अण्णा म्हणाले. ते स्टुलावर बसले होते. लाल पंजे गुडघ्यांवर पालथे. "एक जास्तीचं वाजत होतं. कुठलं ते सापडेना. एकेक करून सगळी बंद केली. तरी वाजतंय."

"तुमच्या कानात वाजतंय, अण्णा. रक्त जाड झालं की नाडी कानात ऐकू येते."

"डॉक्टरही तेच म्हणाला." त्यांनी मान हलवली. "त्यानं मला चित्र काढून दाखवलं. शिरेत पेशी अशा खेटून, दाटीवाटीनं. म्हणाला, अण्णा, आत गर्दी झालीय. मी म्हटलं, हो, ते माहीत आहे मला. ते सगळे आलेत."

सिस्टर स्टुलाजवळ सरकली. "कोण सगळे?"

अण्णांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"ताईनं वाडगं आणलंय ना? आवाज आला मला टेबलावर ठेवल्याचा. ती ते दर महिन्याला राख लावून घासते. ती घासायला बसली की मी घराबाहेर जातो. साठ वर्षं जातोय." ते थांबले. "रेघा मोजल्यास?"

"चार आहेत."

"चौथी बाबांनी ओढली. खिळ्यानं. माझ्यासमोर."

मग ते सांगू लागले, आवाज न चढवता, एखाद्या गिऱ्हाइकाला घड्याळ का बंद पडलं ते सांगावं तसं. गडबडीची वर्षं होती. शहरात रस्त्यारस्त्यावर शिपाई. एका दुपारी छावणीतून गाडी आली. आत ताप पसरलाय, शीर उघडणारा हवाय. बाबा निघाले. वाडगं धरायला कुणीतरी लागतं, म्हणून एकोणीस वर्षांच्या अण्णांना बरोबर घेतलं. बाबा खरंच ताप बघायला गेले होते, यावर अण्णांचा अजून विश्वास होता. पहिल्या दिवसापुरता.

"खोली स्वच्छ होती, सूनबाई. चुना लावलेली. खुर्चीला पट्टे होते. आत आणलेल्या माणसाच्या कपाळाला बाबांनी हात लावला आणि म्हणाले, याला ताप नाही. कप्तान म्हणाला, कागदावर आहे. खरंच कागद होता, दवाखान्याचा शिक्का मारलेला. कप्तान हळू बोलायचा. म्हणाला, मारलेलं दिसतं. उपचार दिसत नाही."

"आणि आजोबांनी..."

"बाबांनी हात धुतले, शीर शोधली. दुसऱ्या रेघेपर्यंत माणूस चिडतो. तिसरीपर्यंत थंडी वाजते, पाणी मागतो. त्याच्यावर गेलं की माणूस मऊ होतो. लहान पोरासारखा. विचारशील ते सांगतो. कप्तानानं विचारलं, नेमकं कुठवर गेलं की बोलतात ते मला दिसलं पाहिजे. तेव्हा बाबांनी खिळा मागितला."

खिडकीबाहेरून कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं.

"किती दिवस?"

"अकरा दिवस. सतरा माणसं. वाडगं मी धरायचो. गरम लागतं ते, हाताला. घरी आलं की बाबा जेवायचे आणि तुझ्या आत्याला म्हणायचे, छावणीत ताप फार आहे. पुढे सगळं निवळलं. ते पुन्हा इथे खुर्ची टाकून बसले, लोक पुन्हा रांगेनं यायचे, बरेही व्हायचे. हात तोच, शीर उघडायचं नस्तर तेच. मला ते कधी कळलं नाही, सूनबाई. बरं करणारा हात तोच कसा? मी घड्याळं शिकलो. उघडली तरी काही सांडत नाही."

सिस्टरला आपल्या पेढीतली पांढरी खोली आठवत होती, खुर्च्यांचे रुंद हात, आणि 'मूठ आवळा, सोडा' म्हणणारा तिचा स्वतःचा गोड आवाज.

"त्या माणसांना कुणी विचारलं होतं का कधी, थांबू का म्हणून?" ती म्हणाली.

अण्णांनी चमकून वर पाहिलं. "नाही."

"मी विचारेन. दर थोड्या वेळानं. तुम्ही थांब म्हणालात की त्या क्षणी नळी बंद. पिशवी भरो न भरो. डॉक्टरांनी काही लिहिलेलं असो."

अण्णा डाव्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघत राहिले. पाचही हलत होती.

"ते वाडगं या खोलीत आणायचं नाही," ते म्हणाले.

"नाही आणणार."

"मग कर."

स्वयंपाकघरात बातमी कळल्यावर वकिलांनी सुस्कारा टाकला आणि हे आपल्यामुळेच जमलं अशा चेहऱ्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली. सिस्टरनं कारण कुणाला सांगितलं नाही. आत्या मात्र उठून उभ्या राहिल्या. "मी शेजारी बसणार. माझा भाऊ आहे तो." वाडगं टेबलावरच ठेवायला त्यांनी कुरकुर केली, पण ठेवलं.

अण्णांना आरामखुर्चीत रेलून बसवलं. पिशवी खाली ताणकाट्याला टांगली; तीनशे मिलिलिटर घ्यायचंय, असं सिस्टरनं सगळ्यांना सांगितलं. दंडाला पट्टा, कोपराच्या खळीत गार औषधाचा बोळा. शीर दोरीसारखी टरारून वर आली होती. नवरा पायाशी उभा राहिला, वकील दारात. आत्यांनी खुर्ची ओढून भावाचा दुसरा हात हातात घेतला.

"घालू का, अण्णा?"

"घाल."

रक्त नळीतून उतरलं. सिस्टरनं हजारो वेळा बघितलेलं दृश्य, पण हे वेगळं होतं. ते वाहत नव्हतं, सरकत होतं. काळपट, जवळजवळ जांभळं, नळीच्या काचेसारख्या अंगाला धरून धरून.

"पन्नास झालं. थांबू?"

"नको."

"शंभर. थांबू?"

"नको." अण्णांचे डोळे मिटले होते. चेहऱ्याचा तांबडा रंग ओसरू लागला होता. "आवाज कमी झाला, सूनबाई. ते बाहेर पडतायत."

"काय म्हणतोय हा?" आत्या म्हणाल्या.

"दीडशे. अण्णा, थांबू?"

उत्तर आलं नाही. सिस्टरनं नाडी धरली. नाडी ठीक होती. मग ओठ हलले.

"पिठाच्या गिरणीमागे," अण्णा म्हणाले. "दुसरा मजला. तिघं आहेत. मी सांगितलं ना, आता पाणी द्या."

नवऱ्यानं पाण्याचा पेला पुढे केला. अण्णांनी तो पाहिलाच नाही.

"मला दोन पोरी आहेत, साहेब. पूल मी नाही उडवला. माझ्या मेव्हण्यानं. तो घाटावर होड्या दुरुस्त करतो." मध्येच सूर बदलला, घोगरा झाला. "आई, पांघरूण घाल. आई, पाय गार पडले."

अण्णांचा आवाज नव्हता असं सिस्टर पुढे कधीच म्हणाली नाही. आवाज त्यांचाच होता. पण तो एक्याऐंशी वर्षांचा नव्हता, आणि दर दोन वाक्यांनी वेगळ्या माणसाचा होता. साठ वर्षं ज्याच्या तोंडून चार शब्द काढायचे तर मिनतवारी करावी लागे, तो माणूस सतरा जणांचं बोलणं शब्द न शब्द परत करत होता. दारात वकिलांनी एक हात चौकटीला धरला होता.

"दोनशे. अण्णा, ऐकू येतंय ना? थांबू?"

"मी काही सांगणार नाही," अण्णा म्हणाले. हा सूर तरुण होता, थोडा थट्टेखोर, दमलेला. "पत्ते तुमचे तुम्ही शोधा. एक निरोप तेवढा द्या कुणीतरी. स्वल्पविरामाला सांगा, वाट बघू नकोस म्हणावं."

आत्यांच्या हातातून भावाचा हात सुटला.

साठ-बासष्ट वर्षांपूर्वी आत्यांचं लग्न ठरलं होतं, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका तरुणाशी. लग्न दोन आठवड्यांवर आलं असताना तो नाहीसा झाला. शहर सोडून गेला, दुसरी कुणी होती, असं आत्यांच्या वडिलांनीच चौकशी करून येऊन सांगितलं होतं. घरात त्याचा उल्लेख एकाच शब्दानं व्हायचा, पळपुटा, आणि तो शब्द आत्याच सगळ्यात जोरात उच्चारायच्या. बोलता बोलता मध्येच थबकायची त्यांची सवय होती. आता वयानं ती गेली होती. त्या सवयीवरून कुणी त्यांना काय हाक मारायचं, हे त्या दोघांशिवाय जगात कुणालाही माहीत नव्हतं.

"काय म्हणालास?" आत्या भावावर वाकल्या. "पुन्हा म्हण. अजून काय म्हणाला तो? बोल!"

अण्णांनी डोळे उघडले. ते आता त्यांचेच होते, ओलसर आणि घाबरलेले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"थांब," ते म्हणाले.

सिस्टरचा हात नळीच्या चिमट्याकडे गेला. आत्यांनी तिचं मनगट पकडलं. म्हाताऱ्या बोटांत एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"पिशवी भरली नाहीये," आत्या म्हणाल्या. एकदम शांत, हळू आवाजात. "तूच म्हणालीस ना तीनशे? अजून बाकी आहे. काढ."

"डॉक्टरांनी तीनशेच लिहिलंय," दारातून वकील म्हणाले, पण त्यांनाच त्यांचा आवाज ओळखीचा वाटला नसावा.

"आत्या, हात सोडा."

"तो बोलतोय! साठ वर्षांत पहिल्यांदा बोलतोय. अजून थोडं गेलं की सगळं सांगेल. थोडंच. त्याच्या भल्याचंच आहे ना हे?"

ताणकाटा दोनशे वीसवर होता. रक्त सरकत होतं. आत्यांचे डोळे त्या पिशवीवर होते आणि त्या डोळ्यांत सिस्टरला दिसलं की आपण काय बोललो ते यांना अजून कळलेलं नाही.

"तुमच्या बाबांनीही असंच बघितलं असेल, आत्या," ती म्हणाली. "वाडग्यातली ती चौथी रेघ नक्षी नाही."

मनगटावरची पकड सुटली नाही; फक्त तिच्यातला जोर गेला. सिस्टरनं दुसऱ्या हातानं चिमटा दाबला. कट् असा आवाज झाला आणि नळीतलं रक्त जागच्या जागी उभं राहिलं.

पट्टा सोडला, सुई काढली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, एका हातात सुई, दुसऱ्यात नळी, आणि बोळ्याखालून लाल थेंब वर येत होता.

"आत्या, इथे दाबा. अंगठ्यानं. पाच मिनिटं. माझे हात मोकळे नाहीयेत."

नवरा पुढे सरसावला होता. तिनं त्याला डोळ्यांनी थांबवलं. आत्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि भावाच्या कोपरातल्या बोळ्यावर त्यांनी अंगठा टेकवला.

अण्णा दोन घोट पाणी प्यायले. "आता विचार, ताई," ते म्हणाले. "आता मी शुद्धीत आहे. विचारशील ते सांगेन."

आत्यांनी बोळ्यावरची नजर काढली नाही.

"तो पळाला नव्हता?"

"नाही."

"बाबांना माहीत होतं? तो कोण ते?"

"कप्तानानं नाव वाचलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते नस्तर खाली ठेवतील." अण्णांनी आपल्या मोकळ्या पंजाकडे पाहिलं. "त्यांनी ते पुसलं. आणि मी वाडगं धरलं. मी धरलं, ताई. पळालो नाही, फेकलं नाही. धरून उभा राहिलो."

आत्यांचा चेहरा हलला नाही. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

"त्यानं कुणाचा पत्ता दिला?"

"एकही नाही. सतरांतला तो एकटाच. रेघेच्या वर गेलं तरी नाही. नुसता तुझ्यासाठीचा निरोप. दोनदा सांगितला, मला ओळखून, माझ्याकडे बघून. आणि मी तुझ्यापर्यंत आणला नाही."

"का?"

"बाबा जिवंत होते तोवर भीती. नंतर, तू ते वाडगं घासायचीस, तेव्हा वाटायचं, हिच्याकडे एवढं एकच उरलंय."

दारातले वकील केव्हा भिंतीला टेकून खाली बसले, कुणाच्या लक्षात आलं नाही. सिस्टरनं पिशवीचं तोंड बंद केलं, वर तारीख आणि दोनशे वीस हा आकडा लिहिला, आणि भिंतीकडे वेळ बघायला गेली तर तिथली घड्याळं बंद. तिनं स्वतःचं मनगट पाहिलं.

"कुठे ठेवलं त्याला?" आत्यांनी विचारलं.

"विटांच्या जुन्या भट्ट्यांच्या मागे. गाडीबरोबर मी गेलो होतो. अजून ओळखेन मी जागा."

"पाच मिनिटं झाली, आत्या," सिस्टर म्हणाली. "आता सोडलंत तरी चालेल."

आत्यांनी ते ऐकलं नसावं. त्या भावाच्या तोंडाकडे बघत होत्या.

"पुढे?" त्या म्हणाल्या, आणि अंगठा तसाच दाबून ठेवला.